डोकं न लागणारं काम

घडीमावशींना राग यायला मोठं कारण लागत नसे. चहा कोमट आला तरी पुरे, लिफ्ट वरच्या मजल्यावर रेंगाळली तरी पुरे. पण त्या सोमवारी सकाळी आलेला राग वेगळा होता. तो एका इंग्रजी शब्दामुळे आला होता, आणि त्या शब्दाचा अर्थच त्यांना ठाऊक नव्हता. अर्थ ठाऊक नसताना राग कसा आला, असं कुणी विचारेल. तो शब्द वाचून दाखवणाऱ्या कारकुनाने नेमका तेवढा शब्द वाचताना मावशींकडे पाहणं टाळलं होतं, म्हणून आला. चांगलं काही वाचताना माणूस नजर चोरत नाही.

रुग्णालयाच्या तळघरात धुलाईखाना आणि धुलाईखान्याच्या टोकाला घड्यांची खोली. खोली म्हणजे दहा पावलं लांब, सहा पावलं रुंद. मध्ये एक लांबलचक टेबल, त्याच्या अर्ध्या भागाला काच आणि काचेखाली दिवा. शस्त्रक्रियेला लागणारं प्रत्येक कापड धुऊन, वाळून आधी इथे यायचं. मावशी ते काचेवर पसरायच्या. सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी खालच्या उजेडात ते लगेच दिसायचं. भोक दिसलं की कापड बाजूला. केस, धागा, कापसाचा पिंजा दिसला की चिकटपट्टीने टिपून घ्यायचा. एवढं झाल्यावर मग घडी.

ही घडी घरच्या कपाटातली घडी नव्हे. रुग्णावर पांघरायच्या मोठ्या कापडाला मधोमध खिडकी असते, तिच्यातून सर्जन काम करतो. दोन्ही बाजूंनी चुण्या घालत त्या खिडकीपाशी यायचं, म्हणजे गठ्ठा उघडला की खिडकी बरोबर वर. एक कोपरा दुमडून बाहेर ठेवायचा; त्याला खोलीत ‘कान’ म्हणत. गठ्ठा वाफेत निर्जंतुक होऊन वर थिएटरात गेला की सिस्टर दोन बोटांनी फक्त तो कान धरते आणि अख्खं कापड कशालाही न शिवता उलगडत जातं. डॉक्टरांचा झगा तर उलटा करून घडी करायचा, म्हणजे घालणाऱ्याचा धुतलेला हातसुद्धा आतल्याच बाजूला लागतो. कान चुकला की सिस्टर चाचपडते. ती चाचपडली की कापड नको तिथे लागतं, मग ते टाकून द्यायचं आणि दुसरा गठ्ठा मागवायचा. तोवर टेबलावरचा माणूस ताटकळत, तोही बेशुद्ध, म्हणजे तक्रार करायचीही सोय नाही.

हे सगळं मावशींना कुणी भाषण देऊन शिकवलं नव्हतं. सत्तावीस वर्षांपूर्वी त्यांच्या आधीच्या घडीवालीने मनगटावर फूटपट्टी मारून शिकवलं होतं. प्रत्येक गठ्ठ्यात घडी घालणारीच्या नंबराची चिठ्ठी जायची, आणि वर काही चुकलं की ती चिठ्ठी खाली परत यायची. मावशींचा नंबर सात. सत्तावीस वर्षांत साताच्या चिठ्ठ्या तीन वेळा परत आल्या. तिन्ही तारखा त्यांना स्वतःच्या मुलांच्या वाढदिवसांपेक्षा पक्क्या पाठ होत्या.

आणि आता हा अहवाल. महिन्यापूर्वी बाहेरून एक टायवाला तरुण आला होता. कोणतं काम किती वेळाचं आणि कोणत्या दर्जाचं, हे ठरवायला त्याला नेमलं होतं. घड्यांच्या खोलीत तो मोजून अकरा मिनिटं उभा राहिला, त्यातली चार फोनवर. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला निदान शेळ्या दिसतात. याने काचेखालचा दिवा कशासाठी, तेसुद्धा विचारलं नाही. आणि अहवालात काय लिहिलं, तर घड्यांचं काम ‘ड्रजरी’ या सदरात मोडतं. त्यासाठी कायमची व्यक्ती अडकवून ठेवायचं कारण नाही. जो मोकळा असेल त्याने पाळीपाळीने ते उरकावं आणि सध्याच्या कर्मचारी महिलेला चादरींच्या यंत्रावर घ्यावं.

चादरींचं यंत्र म्हणजे गरम रुळांची जोडी. ओल्या चादरीची दोन टोकं दोघींनी धरायची आणि रुळांत सोडायची. दिवसभर. चादरी काही आपोआप होत नाहीत, त्याही कुणीतरी करायलाच हव्यात, हे मावशींना कळत होतं. पण निवृत्तीला चार वर्षं उरली होती आणि ती चार वर्षं त्यांना आपल्या टेबलापाशी काढायची होती. दुसरं काही त्या मागत नव्हत्या.

घरी येऊन त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. नवरा त्याच रुग्णालयाच्या बॉयलरवर तीस वर्षं काढून निवृत्त झालेला, वाफेच्या आवाजाने अर्धा बहिरा. त्याने शांतपणे ऐकलं, किंवा ऐकल्यासारखं केलं, आणि म्हणाला, होऊन जाईल. घराचं छत गळू लागलं तेव्हाही तो हेच म्हणाला होता. मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण ओरडून काही उपयोग नव्हता. ओरडलेलंही त्याला निम्मंच ऐकू आलं असतं.

रविवारी त्या धाकट्या दिराकडे गेल्या. दीर शाळेत इंग्रजीचे मास्तर होते. निवृत्त झाले तरी मास्तरकी सुटली नव्हती. घरी दार वाजवणाऱ्या पोस्टमनचेही ते उच्चार सुधारत. त्यांच्याकडे उशीएवढा जाड शब्दकोश होता. मावशींनी आपल्या सातवीपर्यंतच्या शिक्षणातून जमेल तसं एकेक इंग्रजी अक्षर कागदावर उतरवून आणलं होतं. भाऊजींनी चष्मा पुसला, पानं उलटली, आणि बोलायच्या आधी घसा खाकरला. तिथेच मावशींना कळलं.

कंटाळवाणं, तेच ते, हलक्या प्रतीचं, डोकं न लागणारं कष्टाचं काम, असं भाऊजींनी हळू आवाजात वाचलं. ‘ड्रज’ म्हणजे असं राबणारा माणूस, आणि ‘ड्रजरी’ म्हणजे त्याचं राबणं.

मावशींनी आपला कागद परत ओढून घेतला. मग त्यांनी विचारलं, “हा शब्द कुठून आणला यांनी? कुणी केला?”

मास्तरांना असा प्रश्न उभ्या नोकरीत एकाही विद्यार्थ्याने विचारला नव्हता. त्यांचा चेहरा खुलला. चष्मा नाकावर खाली सरकवून त्यांनी बारीक अक्षरांतला मजकूर वाचला. “मूळ अनिश्चित, असं लिहिलंय.”

“म्हणजे?”

“म्हणजे नक्की कुणाला ठाऊक नाही. सहाशे वर्षांपासून तरी वापरात आहे. बहुधा एका जुन्या इंग्रजी क्रियापदाशी नातं असावं, असं म्हणतात. त्याचा अर्थ होता काम करणं, सोसणं, निभावणं.”

“निभावणं,” मावशी म्हणाल्या. “त्यात हलकं काय आहे?”

“तेव्हा नसेल, वहिनी. शब्द उतरत जातात. राबणाऱ्याकडे लोक ज्या नजरेने बघतात, ती नजर हळूहळू शब्दालाही लागते.”

मग भाऊजींची गाडी उताराला लागली. त्यांनी कष्टाचे आणखी शब्द काढले. ‘टॉइल’ म्हणे आधी भांडणतंट्याला, गोंधळाला म्हणत, आणि त्याही मागे गेलं तर ऑलिव्हची फळं चेचायच्या लॅटिन यंत्रापाशी पोचतो. ‘ट्रॅव्हेल’, प्रवासाचा नव्हे, यातना सोसत केलेल्या कामाचा, तो तर तीन खांबांच्या एका सापळ्यापासून आला असं मानतात, त्याला माणूस बांधून त्याचे हाल करत. भाऊजींना वाटलं, वहिनींना बरं वाटेल. जगात कष्टाला सगळीकडे असंच बोलतात हे कळेल. मावशींना बरं वगैरे काही वाटलं नाही. त्या म्हणाल्या की हे शब्द काम करणाऱ्यांनी केलेले दिसत नाहीत, शेजारी खुर्ची टाकून बसलेल्यांनी केलेत.

“खांबाला बांधलेल्यानेच केला असेल एखादा,” भाऊजी म्हणाले.

“मग तो दुखण्याचा शब्द झाला. मला काही दुखत नाही, भाऊजी. मी कंटाळतही नाही. आणि ज्या शब्दाचं मूळ तुमच्या एवढ्या जाड पुस्तकाला सापडलं नाही, तो त्या पोराने अकरा मिनिटांत माझ्या कामाला चिकटवला?”

 भाऊजींनी चहा टाकतो म्हणून स्वयंपाकघर गाठलं.

गुरुवारी अहवालावर बैठक होती. मावशींना तिचं आमंत्रण नव्हतं. त्या काखेत एक धुतलेला झगा मारून तिथे जाऊन उभ्या राहिल्या. आत प्रशासनाच्या मॅडम, टायवाला तरुण, आणि थिएटरच्या मोठ्या सिस्टर. मावशींनी नमस्कार केला आणि अहवालातला तो शब्द काढून टाका म्हणून सांगितलं. तरुण नम्रपणे म्हणाला की तो पारिभाषिक शब्द आहे, त्यात अपमान नाही, मनाला लावून घेऊ नका. मावशी म्हणाल्या, मनाला नाही लावून घेत, तुम्ही हाताला लावा, आणि झगा त्याच्यासमोर टेबलावर ठेवला. वर दुसऱ्या कुणाला बाहेरून न शिवता घालता येईल अशी घडी त्याने घालून दाखवावी, एवढंच त्यांचं म्हणणं. डोकं लागत नाही, मग अडचण काय?

पोरगा वाईट नव्हता, हे सांगायला हवं. त्याने बाह्या सरसावल्या आणि खरंच प्रयत्न केला. आधी बाह्या आत गेल्या, मग बंद बाहेर लोंबू लागले, मग त्याने सगळं उलगडून पुन्हा सुरुवात केली. तिसऱ्या वेळी जे तयार झालं ते त्याने सिस्टरांपुढे धरलं. सिस्टरांनी ते नियमाप्रमाणे उघडून पाहिलं आणि म्हणाल्या, “हा घातला तर आम्हाला अख्खं थिएटर पुन्हा धुवावं लागेल.” मॅडम हसल्या. तोही हसला. मग मावशींनी तोच झगा घेतला आणि त्याच्याकडे बघत, झग्याकडे न बघता, घडी घातली. मॅडमनी लाल पेन काढलं, तो शब्द खोडला आणि शेजारी ‘कुशल’ असं लिहिलं. मावशींच्या डोळ्यांसमोर लिहिलं.

त्या दिवशी मावशी घरी चालत नाही, तरंगत आल्या. नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, बघ, झालं ना. त्यावरही त्यांना राग आला नाही, म्हणजे आनंद किती झाला होता याची कल्पना यावी.

तीन आठवड्यांनी आदेश निघाला. घड्यांचं पद कायम. पद कुशल श्रेणीत. आणि कुशल श्रेणीतलं पद असल्यामुळे वस्त्रनिर्जंतुकीकरणाची एक वर्षाची पदविका आवश्यक. पदविकाधारक उमेदवाराची नेमणूक झाली आहे. सध्याच्या कर्मचारी महिलेने तिला पंधरा दिवस प्रशिक्षण द्यावं आणि त्यानंतर चादरींच्या यंत्रावर रुजू व्हावं.

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. गप्प बसल्या असत्या तर पाळीपाळीने का होईना, आठवड्यातून एखादा दिवस तरी टेबल मिळालं असतं. जिंकल्या, आणि तेही गेलं. मावशी पुन्हा मॅडमकडे गेल्या. मॅडमना मनापासून वाईट वाटलं होतं, आणि त्यापेक्षा खोटी सहानुभूती परवडली असती.

“मावशी, तुम्हीच म्हणालात ना, या कामाला डोकं लागतं म्हणून? मग डोक्याचा कागद नको का दाखवायला? मी नियमाबाहेर कशी जाऊ?”

मोठ्या सिस्टरांनी पत्र लिहिलं. पत्राची पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. भाऊजी म्हणाले, थांबा वहिनी, ‘कुशल’ हा शब्द मुळात कुठून आला ते बघू, आणि उठून दुसरं पुस्तक काढायला लागले. “पुस्तक मिटा, भाऊजी,” मावशी म्हणाल्या, आणि त्यांनी मिटलं.

नवी पोरगी सोमवारी आली. वय बाविशीचं, प्रमाणपत्र प्लास्टिकच्या पाकिटात, आणि वाकून नमस्कार करू की नको या गोंधळात दारातच अडखळलेली. मावशींनी घरून ठरवूनच आणलं होतं: शिकवायचं नाही. म्हणजे समोर करून दाखवायचं, पण भरभर. बघून घेतलं तर घेतलं. प्रमाणपत्र आहे ना, मग येत असेलच. दुपारपर्यंत हे जमलं. दुपारी पोरीने घातलेला पहिला गठ्ठा वर जायच्या गाडीवर चढला. मावशींनी पाहिलं, कान उलट्या बाजूला होता. उद्या सकाळी आठला तो गठ्ठा कुणाच्या तरी अंगावर उघडायचा होता. ज्याच्या अंगावर, त्याला आदेश, अहवाल, श्रेणी यांतलं काही ठाऊक नव्हतं. मावशींनी गाडी थांबवली, गठ्ठा उतरवला आणि करवादून म्हणाल्या, “इकडे ये. परत घाल.”

परत घातला, परत उलटा. पाच वेळा घातला, पाचही वेळा उलटा. मग मावशींच्या लक्षात आलं की पोरगी डावखुरी आहे. आजवर या टेबलापाशी सगळ्या उजव्या हाताच्याच आल्या होत्या, आणि घडीची प्रत्येक हालचाल उजव्या हाताची होती. चूक पोरीची नव्हती. शिकवणं पोरीच्या हाताला बसत नव्हतं. कॉलेजात तिला कुणी सांगितलंच नव्हतं, तिथे म्हणे घडी चित्रात बघायची असे.

आता डावीकडून सुरुवात करून कान उजवीकडेच कसा काढायचा, हे मावशींना तरी कुठे येत होतं? दोन संध्याकाळी त्यांनी घरी पलंगावरची चादर काढून डाव्या हाताने घड्या घातल्या. सत्तावीस वर्षांचा शहाणा हात बावळटासारखा अडायचा. नवऱ्याला दुसरं टोक धरायला लावलं. तो न बोलता धरून उभा राहायचा, हात दुखले की टोक दुसऱ्या हातात घ्यायचा. स्वतःला शिव्या घालत मावशी मोडायच्या आणि परत घालायच्या. आपलं टेबल जिला द्यायचं, तिच्यासाठी आपणच घाम गाळतोय, याची चीड त्यांना प्रत्येक चुणीगणिक येत होती. तिसऱ्या दिवशी त्या खोलीत गेल्या तेव्हा त्यांच्याकडे डाव्या हाताची नवी घडी तयार होती. पहिली चुणी मधून नाही, काठाकडून. अंगठा वर नाही, खाली. ती त्यांनी सात पायऱ्यांत तोडली. प्रत्येक पायरीला पोरगी अडली की ती पायरी आणखी लहान केली. फूटपट्टी एकदाही उचलली नाही, उचलावीशी मात्र वाटली.

नवव्या दिवशी पोरीच्या हाताखालून पहिला बरोबर गठ्ठा निघाला. दहाव्या दिवशी बारा निघाले. पोरगी काम करताना गुणगुणू लागली. मावशींनी काचेवर वाकून तिचा प्रत्येक गठ्ठा उलगडून पाहिला, काही सापडेना. त्यांना बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा भयंकर राग आला.

पंधराव्या दिवशी मॅडम आल्या, सोबत तोच टायवाला तरुण. त्याला प्रशिक्षणाची नोंद अहवालाला जोडायची होती. मॅडमनी पोरीला घडी घालायला सांगितली. पोरीने घातली. डावा हात सुरेख फिरला, कान जिथे हवा तिथे आला. तरुण थक्क झाल्यासारखा बघत होता. स्वतःचे तीन प्रयत्न त्याला आठवत असणार.

“किती दिवसांत जमलं?” त्याने विचारलं.

“नवव्या दिवशी,” पोरगी अभिमानाने म्हणाली. “अगदी सोपं आहे, सर. मावशी सांगतात तसं केलं की झालं.”

तिने ते मावशींच्या कौतुकासाठीच म्हटलं होतं. म्हणताना ती मावशींकडे बघून हसलीही. तरुणाने मान डोलावली आणि लिहून घेतलं. मावशी त्याच्या शेजारीच उभ्या होत्या. त्यांना दिसलं. त्याने लिहिलं होतं, नऊ दिवस, सोपं काम. पुढचं वाक्य लिहिलं नव्हतं.

मावशींनी तोंड उघडलं. सोपं नाही, असं म्हणायचं होतं. पण सोपं नाही म्हणायचं तर पोरीला नीट येत नाही, असं म्हणावं लागलं असतं, आणि पोरीला नीट येत होतं. किंवा मग मी तुझ्यासाठी काय काय केलं त्याचा पाढा वाचावा लागला असता, तोही त्या पोरीच्या तोंडावर, तिच्या नोकरीच्या पहिल्या महिन्यात. काम अवघड होतं तोवर ते त्यांच्या हातात होतं. त्यांनी ते नीट शिकवलं, म्हणून ते सोपं झालं. वाईट शिकवलं असतं, तर आज सगळ्यांना त्याची किंमत कळली असती.

“काही सांगायचंय का, मावशी?” मॅडमनी विचारलं.

“नाही,” मावशी म्हणाल्या. “हात चांगला आहे तिचा.”

मग त्या बाहेर पडल्या. चादरींच्या यंत्रापाशी गरम हवेचा झोत अंगावर आला. तिथल्या बाईने सरकून त्यांना जागा करून दिली, ओल्या चादरीचं एक टोक त्यांच्या हातात दिलं, आणि नवीन माणसाला सांगतात तसं, कापड कसं धरायचं ते सावकाश समजावून सांगू लागली. मावशींनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.